फुकटात झालेलं इंजिन

दिवा-पनवेल मार्गावरच्या नावडे रोड स्टेशनात संध्याकाळची मेमू थांबली, की उतरणाऱ्यांत एखादा असा गृहस्थ हमखास दिसतो, ज्याच्या पिशवीत वरती मेथीची जुडी असते आणि ज्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली असतो. मेथीच्या जुडीने माणूस एवढा वाकडा होत नाही. जुडीखाली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला गनमेटलचा दांडा असतो, त्याच्याखाली पितळेची चकती, आणि अगदी तळाशी नागदेवीच्या बाजारातून आणलेला एखादा रीमर, शर्टाच्या जुन्या बाहीत नीट शिवून ठेवलेला. मेथी घरच्यांसाठी असते. खाण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी.

हा गृहस्थ घरच्या घरी वाफेचं इंजिन बनवत असतो.

तळोजा एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या माणसाला हा आजार लवकर जडतो. त्यातही टर्नर, फिटर आणि टूलरूमचा फोरमन हे तिघे नाजूक प्रकृतीचे. तीस-पस्तीस वर्षं यांनी दुसऱ्यांच्या पंपांचे बुश, दुसऱ्यांच्या व्हॉल्व्हचे स्पिंडल, दुसऱ्यांच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट केलेले असतात. ड्रॉइंग आलं, जॉब लावला, साइज आणला, क्वालिटीवाल्याने शिक्का मारला, माल गाडीत चढला. तो बुश पुढे कुठे बसला, फिरला की नाही, हे त्यांना कधी कोणी कळवत नाही. शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. त्या घड्याळाचं मागचं झाकण हा माणूस त्याच रात्री उघडतो, आत बघतो आणि नाक मुरडतो. प्लास्टिकचे दाते! दुसऱ्या दिवसापासून त्याला पहिल्या बोल्टपासून शेवटच्या पेचापर्यंत सगळं आपलं असलेलं, डोळ्यांदेखत फिरणारं काहीतरी हवं असतं. काहीजण शेती घेतात. काहीजण सोसायटीचे सेक्रेटरी होतात. उरलेले वाफेकडे वळतात.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे काका या तिसऱ्या गटातले. सोसायटी नवी होती तेव्हा त्यांना चौथ्या मजल्यावरचा, खाडीकडून वारा येणारा फ्लॅट मिळत होता. त्यांनी हट्टाने तळमजला घेतला. काकूंना वाटलं, गुडघ्यांच्या काळजीने घेतला असेल. खरं कारण बारा वर्षांनी टेम्पोतून आलं. त्याचं वजन अडीचशे किलोच्या आसपास होतं, ते राजकोटचं होतं, सेकंडहँड होतं आणि त्याला उतरवायला चार माणसं लागली. तळमजल्याच्या बाल्कनीला ग्रिल लावून तिथे लेथ बसला तेव्हा काकूंनी एकच प्रश्न विचारला, "कपडे कुठे वाळवायचे?" तो प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

काकांना कुणीही विचारावं, "काका, इंजिनाला एकूण खर्च किती आला हो?" ते चष्मा कपाळावर चढवतात, क्षणभर छताकडे बघून मनात बेरीज केल्यासारखं करतात आणि सांगतात, "मटेरियल ना? साडेअकराशे."

हे उत्तर गेल्या चार वर्षांत बदललेलं नाही. तांबं वाढलं, पितळ वाढलं, रिक्षा वाढली, साडेअकराशे तिथेच. सरकारला महागाई आवरत नाही, काकांना आवरते. ती कशी आवरते, हे समजून घेण्यासाठी मी त्यांच्या बाल्कनीत बऱ्याच संध्याकाळी घालवल्या आहेत, आणि माझं असं मत झालं आहे की काका चांगले टर्नर असतील, पण त्यांच्यातला खरा कलावंत हा हिशेबनीस आहे.

त्यांच्या हिशेबाचं पहिलं सूत्र असं, की हत्यार हा खर्च नाही. हत्यार ही मालमत्ता. लेथ, चक, ड्रिल मशीन, ग्राइंडर, मायक्रोमीटर, डायल गेज यांतलं काहीही इंजिनाच्या खात्यात जात नाही. कारण इंजिन झाल्यावरही ते उरणारच आहे. "उद्या विकायला काढलं तर दुप्पट भाव येईल," असं ते म्हणतात. हे ते अशा चेहऱ्याने म्हणतात, की त्यांना विकायला सांगणाऱ्याला पाणीसुद्धा विचारणार नाहीत.

दुसरं असं, की भंगारातून आलेलं फुकट. इथे आमच्या गावाचा महिमा सांगायला हवा. नावड्याच्या एका अंगाला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला कळंबोलीचा लोखंड बाजार. या बाजारातून पोलाद ट्रेलरवर चढतं. तिथे व्यवहार टनात होतो. अशा बाजारात आमचे काका एका भरदुपारी शिरले, वीस टनांची गाडी भरून घेत असलेल्या व्यापाऱ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बत्तीस एमएमचा ब्राइट बार पाहिजे. नऊ इंच." व्यापाऱ्याने आधी संशयाने पाहिलं. मग काकांच्या पांढऱ्या केसांकडे पाहून पोऱ्याला हाक मारली, कटरवर एक तुकडा कापून दिला आणि हात जोडले. पैसे घेतले नाहीत. कारण पैसे घ्यायचे तर बिल करावं लागलं असतं, आणि नऊ इंचाचं बिल केलं असतं तर बाजारात त्याचं नाव झालं असतं. काका तो तुकडा घेऊन विजयी मुद्रेने घरी आले. जाता-येता रिक्षा, उसाचा रस आणि उन्हाने आलेल्या तापाच्या गोळ्या, हे सगळं घरखर्चात गेलं. क्रँकशाफ्ट फुकट झाला.

सिलिंडरचंही असंच. इंग्लंडमध्ये स्टुअर्ट टर्नर नावाच्या माणसाने १८९८ साली छोट्या इंजिनांची कास्टिंग विकायला सुरुवात केली, आणि त्या नावाने ती अजूनही मिळतात. त्यातलं दहा नंबरचं इंजिन जगभरच्या नवशिक्यांचं लाडकं. पाऊण इंच बोअर, पाऊण इंच स्ट्रोक; आपल्या भाषेत सहा सूत बाय सहा सूत. काकांनी पौंडातला भाव काढला, त्यात कुरिअर मिळवलं, सीमाशुल्क मिळवलं, वर जीएसटी लावला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. तो कागद ते अजून जपून आहेत. कारण त्यांच्या हिशेबाचा तिसरा आणि सर्वांत बळकट खांब तोच: 'बाहेरून आणलं असतं तर.' या आकड्यातून ते आपला खर्च वजा करतात आणि जे उरतं त्याला बचत म्हणतात. अशी बचत करता करता त्यांची मुदत ठेव मोडली.

तर बचत म्हणून सिलिंडरचं कास्टिंग इथेच करायचं ठरलं. पॅटर्नसाठी सागवान आलं. सागवान कोरायला छिन्न्यांचा संच आला. ओतीव लोखंडाचं काम करणारा एक जुना ओळखीचा फौंड्रीवाला तयार झाला, पण पॅटर्न बघून म्हणाला, "काका, ओतताना जमिनीवर सांडतं ना आमचं, त्यापेक्षा हे लहान आहे." तरी त्याने उरलेल्या रसातून सहा सिलिंडर ओतून दिले. त्यांतल्या चारांत बोअरिंग करताना आतून भोकं निघाली. पाचव्याचा साइज गेला. सहावा बसला. मी सहज म्हटलं, "काका, पाच वाया गेले." ते म्हणाले, "फुकटचे होते. फुकटचं वाया गेलं तर तोटा कसला?" यावर अर्थशास्त्राकडे उत्तर असेल तर ते मला माहीत नाही.

पण खर्चाची खरी गंमत मोठ्या वस्तूंत नसते. ती एम-थ्रीच्या स्क्रूत असते. सिलिंडरचं झाकण बसवायला चार स्क्रू लागतात. स्क्रू चार रुपयांना मिळतो. त्यासाठी भोक अडीच एमएमचं. अडीचचं ड्रिल काकांकडे होतं, पण हातातल्या ड्रिल मशीनने भोक सरळ पडेना, म्हणून स्टँडवालं ड्रिल मशीन आलं. भोक सरळ पडलं. आता आटे पाडायचे. एम-थ्रीचा टॅप घातला, तेल घातलं, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अगदी शास्त्रोक्त. आणि तिसऱ्या भोकात तो टॅप कट्‍कन तुटला. ज्याने कधी तुटलेला टॅप काढला नाही त्याला आयुष्यातलं दुःख कळलं असं मी मानत नाही. टॅप हायस्पीड स्टीलचा, ड्रिलइतकाच कठीण. त्याला ड्रिल लागत नाही. तुटलेला टॅप काढायचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो, तो आणला. त्याचे नख्यांसारखे दांडे तीन एमएमच्या टॅपपुढे वाकले. मग एमआयडीसीत एकाकडे स्पार्कवर टॅप जाळायचं मशीन आहे असं कळलं. तिथे नंबर लावला. त्याने टॅप जाळला आणि पैसे घ्यायला नकार दिला. म्हणून त्याच्या मुलाच्या लग्नात आहेर मोठा करावा लागला. टॅप पुन्हा तुटू नये म्हणून टॅपिंगचा स्टँड आला, चांगल्या कंपनीचे टॅप आले, ते ठेवायला लाकडी पेटी आली. चार रुपयांच्या स्क्रूमागे वीस हजारांची मिरवणूक निघाली. काकांच्या वहीत नोंद: 'स्क्रू, ४ नग, १६ रु.'

यातली पार्सलं अर्थातच काकांच्या घरी येत नाहीत. काही माझ्या घरी येतात, काही वरच्या मजल्यावरच्या जोश्यांकडे, काही थेट वॉचमनच्या केबिनमध्ये. कुरिअरवाला पोरगा आता मला "रीमरवाले साहेब" म्हणतो. मी आयुष्यात रीमर हातात धरलेला नाही. पण पार्सल उचललं की वजनावरून आत पितळ आहे की हायस्पीड, हे मी आता सांगू शकतो.

काकू या सगळ्याबाबत अनभिज्ञ आहेत असं काकांना वाटतं. काकूंचा कालनिर्णय स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. त्यात प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा 'अ' किंवा 'एक', गॅसची तारीख, कामवालीचा खाडा. मी एकदा चहा घेताना बघत होतो तर काही चौकोनांत कोपऱ्यात बारीकसा 'इं' होता, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. मी नजर वळवली. शेजारधर्म म्हणून वळवली, आणि शिवाय त्यांतल्या निम्म्या 'इं'ला मीच सामील होतो.

काका उघडे पडले की इतिहासाचा आधार घेतात. इतिहासात त्यांच्या बाजूचे दोन साक्षीदार आहेत. पहिले आपल्या मुंबईतलेच, अर्देसर कर्सेटजी वाडिया. गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या घराण्यातले. १८३३च्या सुमारास, ऐन पंचविशीत, त्यांनी एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन स्वतः तयार केलं आणि त्याने विहिरीचं पाणी उपसून घरच्या बागेत कारंजं उडवलं. १८३४ साली माझगावचा बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली, ते बघायला खुद्द गव्हर्नर आले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावायला त्या वेळी अजून बारा वर्षं होती! काका हे सांगताना आवाज चढवतात. काकू कोथिंबीर निवडत ऐकून घेतात. मग म्हणतात, "त्यांच्या बागेत कारंजं तरी उडालं. आपल्याकडे पाणी सकाळी पाऊण तास येतं."

दुसरा साक्षीदार जेम्स वॉट. याची गोष्ट काकांना फार प्रिय, कारण ती एका मॉडेलपासूनच सुरू होते. ग्लासगोच्या विद्यापीठात न्यूकोमेनच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल होतं, ते नीट चालेना म्हणून १७६३-६४च्या हिवाळ्यात दुरुस्तीला वॉटकडे आलं. दुरुस्त केलं तरी चार-दोन फेऱ्यांत त्याची वाफ संपायची. प्रत्येक फेरीला सिलिंडर गार करायचा आणि पुन्हा तापवायचा, त्यातच सगळी वाफ खर्ची पडते, हे वॉटच्या ध्यानात आलं. वाफ गार करायला वेगळं भांडं ठेवायचं हा विचार त्यातून निघाला, आणि १७६९ साली त्याचं पेटंट झालं. "एका खेळण्यातून जग बदललं," काका म्हणतात, "आणि तोपर्यंत वॉट कर्जात बुडाला होता. रोबक नावाच्या माणसाने त्याचं कर्ज डोक्यावर घेतलं. तो रोबकही १७७३ला दिवाळखोर झाला. मग बोल्टन आला, त्याने पैसा ओतला, आणि मग दोघांनीही मिळवलं." इथे काका थांबतात, म्हणजे ऐकणाऱ्याला बोल्टन व्हायची इच्छा होईल.

काकूंनी विचारलं, "यात मी कोण? रोबक की बोल्टन?"

काकांनी ग्राइंडर चालू केला.

मुलगा ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. वडिलांवर त्याचं प्रेम आहे, पण ते प्रेम ऑनलाइन आहे. मागच्या वाढदिवसाला त्याने चीनमध्ये बनलेलं तयार वाफेचं इंजिन मागवून दिलं. पाच-सहा हजारांत, चकाकतं, खोक्यातून काढून पाणी आणि स्पिरिट घातलं की दहा मिनिटांत फिरतं. ते फिरलंही. घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी ते थंड होऊ दिलं, भिंगातून पाहिलं, फ्लायव्हील बोटाने हलवून शाफ्टचा खेळ तपासला आणि शांतपणे म्हणाले, "छान आहे. शोकेसमध्ये ठेवा." आमच्या भागात एखाद्या वस्तूचा यापेक्षा मोठा अपमान मी पाहिलेला नाही. खरं दुखणं वेगळं होतं. पाच हजारांत इंजिन मिळतं हे काकूंना त्या दिवशी कळलं.

मग बॉयलर आला, आणि त्याच्याबरोबर चांदी. तांब्याच्या नळीला दोन्ही बाजूंनी झाकणं झाळायची तर साधं कथील चालत नाही. तीन किलो दाबाला वाफ १४० अंशांच्या वर जाते, आणि पाणी आटून ज्योत कोरड्या तांब्याला लागली तर कथील पार वितळून जोड उकलतो. म्हणून चांदीचा झाळ, सहाशे अंशांच्या पुढे वितळणारा. त्या कांड्यांत निम्म्याच्या आसपास चांदी असते आणि त्या सराफासारख्या तोलून विकतात. काकांनी त्या देवघरातल्या खणात ठेवल्या, म्हणजे काकूंना वाटावं की निरांजनासाठी काहीतरी आणलंय. काकूंना वाटलंही. नंतर एक दिवस बाल्कनीतून मोठी ज्योत दिसली आणि खणातल्या कांड्या कमी झाल्या. "लग्नाला छत्तीस वर्षं झाली," काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "माझ्या पायात पैंजण नाही आले. यांच्या बॉयलरला आले."

बॉयलर सव्वा लिटरचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा काकांनी कायदा तोंडपाठ म्हणून दाखवला. पंचवीस लिटरच्या आतलं भांडं कायद्याने बॉयलरच धरत नाहीत. १९२३चा जुना कायदा शेवटी शेवटी तसंच सांगत होता, २०२५ साली त्याच्या जागी आलेला नवा कायदाही तेच सांगतो. सरकारी निरीक्षक लागत नाही. सेक्रेटरी गप्प झाले. काकू मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "सरकारचं पंचवीस लिटरचं असेल. माझ्या घरात पाव लिटरचंसुद्धा माझ्या परवानगीने." तडजोड अशी निघाली, की आधी पाण्याची टेस्ट घ्यायची.

ही टेस्ट म्हणजे काकांच्या शिस्तीचं दर्शन. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचा, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, हातपंपाने चालवायच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे सहा किलोपर्यंत दाबायचं आणि काटा तिथे ठरतो का बघायचं. पाणी दबत नाही, त्यामुळे जोड उकललाच तर नुसती चिळकांडी उडते. हवा किंवा वाफ असती तर तुकडे उडाले असते. हे त्यांनी सगळ्यांना आदल्या दिवशी समजावून सांगितलं. तरीही टेस्टच्या सकाळी समोरच्या विंगमधली तीन कुटुंबं अचानक पनवेलला खरेदीला गेली. काटा सहावर गेला आणि पंधरा मिनिटं हलला नाही. एक थेंबही गळला नाही. त्या पंधरा मिनिटांत काकांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते पाहून मला प्रथमच वाटलं, की साडेअकराशे हा आकडा खोटा असला तरी माणूस खोटा नाही.

खोटेपणा संपला तो खंडेनवमीला. तळोज्याच्या कारखान्यांत त्या दिवशी मशिनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, हत्यारांना हळदकुंकू लागतं. काकांनी पस्तीस वर्षं ते केलेलं. आणि त्यांची एक श्रद्धा आहे: पूजेतून वगळलेलं हत्यार वर्षभरात बोट कापतं. त्यामुळे नवमीच्या सकाळी दिवाणाखालून, माळ्यावरून, मिक्सरच्या रिकाम्या खोक्यातून, पाहुण्यांच्या अंथरुणाच्या वळकटीतून, वॉचमनच्या केबिनमधून आणि माझ्या घरातून एकेक हत्यार बाहेर पडू लागलं. हॉलमध्ये सतरंजी अंथरली, ती पुरेना. मग चादर अंथरली. फोर-जॉ चक, थ्री-जॉ चक, दोन मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल, रीमरचा संच, टॅपची पेटी, स्लिप गेज, गॅसचा टॉर्च. जिथे तिथे झेंडू.

काकू हळदकुंकवाचं तबक घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. चार वर्षांत सगळी हत्यारं त्यांनी एका जागी कधी पाहिली नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि पहिल्या मायक्रोमीटरला कुंकू लावत विचारलं, "हा केवढ्याचा?"

पूजेत खोटं बोलायचं नाही. काकांनी सांगितलं. काकूंनी दुसऱ्याला हळद लावली. "आणि हा?" काकांनी तेही सांगितलं. नात बाजूला बसून कालनिर्णयाच्या पाठीमागे लिहीत गेली. आरती व्हायला दुपार झाली. बेरीज निघाली दोन लाख सदतीस हजार चारशे. प्रसादाचे पेढे त्यात धरलेले नाहीत.

काकू नातीला म्हणाल्या, "त्यात ते साडेअकराशे आले का गं?" तिने पुन्हा पाहिलं. आले होते.

मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर बघितलं. साडेअकराशे हा एकूण खर्चाचा जवळपास अर्धा टक्का भरतो. काका स्वतःच सांगत असतात, की मोठ्या रेल्वे इंजिनातसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी शेकडा सहा-सात भाग चाकांना मिळायचे, बाकी सगळं धुराड्यातून आभाळात. आणि एवढ्याशा इंजिनाला तर एक टक्काही हाती लागत नाही. म्हणजे पैशाच्या बाबतीत काकांनी निसर्गाचा नियम मोडलेला नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी इंजिन चाललं. स्पिरिटचा दिवा लावला, काटा वर चढला, काकांनी सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी बाहेर काढायला फ्लायव्हील बोटाने दोनदा फिरवलं, आणि तिसऱ्यांदा ते त्यांच्या बोटातून निसटून स्वतःच फिरायला लागलं. आवाज अगदी लहान, टिकटिकीसारखा. आमच्या भागात हवेला कारखान्यांचा एक कायमचा वास असतो. त्या संध्याकाळी बाल्कनीत गरम तेलाचा आणि वाफेचा वास होता. वरचे जोशी खाली आले. वॉचमन गेट सोडून आला. चीनचं इंजिन शोकेसमधून बघत होतं. काकूंनी पदराने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "याने होतं काय?"

"फिरतं," काका म्हणाले.

काकूंनी थोडा वेळ पाहिलं. "बरं फिरतं," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या. त्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणाला मिळालेलं नाही, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या निकालालाही नाही.

सगळं इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण परवा काका कुटुंबासह माथेरानला गेले. म्हणजे कुटुंब माथेरानला गेलं. काका नेरळलाच उतरले ते स्टेशनात ठेवलेल्या जुन्या वाफेच्या इंजिनापाशीच अडकले. दोन फुटी रुळांवरची ती गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉयांच्या मुलाने, अब्दुल हुसेनने, ती बांधली आणि वडिलांनी त्यासाठी सोळा लाख रुपये दिले. तेव्हाचे सोळा लाख! ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीची इंजिनं, नागमोडी वळणांवर वळता यावं म्हणून चाकांची खास रचना केलेली. काकांनी टेप लावून बाहेरून जेवढी मापं घेता येतील तेवढी घेतली. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, "स्थिर इंजिनात काय मजा? आता रुळावरचं करायचं. लहानसंच. मटेरियल ना? चार हजार."

काकूंनी कालनिर्णयाचं पुढचं पान उलटलं आणि बॉलपेनने कोपऱ्यात मोठ्ठा 'इं' काढला. या खेपेला प्रश्नचिन्ह नव्हतं.

तेव्हा तळोजा, कळंबोली, पेंधर, रोडपाली भागातल्या कारखानदार वाचकांना एक विनंती. कुणाच्या शेडमध्ये चाकं खरादायला उपयोगी पडेल असा जुना, मोठा फेसप्लेट धूळ खात पडला असेल, तर तो भंगारात घालू नका. नावड्यात घेणारा आहे, आणि फुकटात दिलात तर आयुष्यभर दुवा देईल. फक्त संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा या वेळेतच आणा. काकू तेव्हा भजनाला जातात. आणि येताना वरती मेथीची एक जुडी ठेवा.